चारी कोपरं शाबूत

राधानगरी
९ फेब्रुवारी १९९७

शांते,

पत्रास कारण असं काय न्हाय, भांडायचं हाय. संक्रांतीला पाकिटात तिळगूळ घालून धाडलास, तो वाटेत मुंग्यांनी खाल्ला आणि मुंग्याच तेवढ्या माझ्या घरी आल्या. गोड त्याच बोलत्यात आता.

आमचा आकाराम गेल्या आठवड्यात कोल्हापुरास्नी गेलता, तुमच्या भांड्याच्या दुकानात डोकावला. येऊन मला म्हणतो, "आई, शांतामावशीला कमी ऐकू येतंय. मी इचारलं, मावशी, कळशी? तर म्हणाली, बरी हाय की, तू कसा हाईस?" हसून हसून माझ्या पोटात कळ आली. मग हसू थांबलं.

खरं सांग. आपल्याकडं समदीच बोंबलून बोलत्यात, त्यामुळं कोण भैरं आणि कोण शाणं ते कळतच न्हाय. पण तू लग्न झाल्यापासनं छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यावर नावं घालत बसलीस. त्या टकटकीनं दगडाचं बी कान गेलं असतं. डॉक्टरला दाखव. लाजू नको. कान हाय, काय दुसरं न्हाय.

मालकांची तपकीर सुटत न्हाय. ते शिंकलं की म्हस पान्हा चोरती आणि शिव्या मी खातो.

धोंडी

•

कोल्हापूर
२ मार्च १९९७

धोंडे,

तुझा आकाराम चुगलखोर, आणि तू त्याची आई.

मल्लेशनं नेलं मला डॉक्टरकडं. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोपण घातलं, आवाज आला की बोट वर कर म्हणाले. मी दोन-चार टायमाला उगंच बी वर केलं. मुरगूडच्या शाळेत उत्तर येत नसताना करायचो की न्हाय, तसं. डॉक्टर हसला. म्हणाला, आजी, कानाची शीर सुकलीया, औषध न्हाय, यंत्र लावा. काड्याच्या पेटीएवढी डबी दिलीया. ती पोलक्यात ठेवायची आणि तिची वायर कानात. पहिल्या दिवशी दुकानात वाटी पडली, तर देवळातली घंटा टाळक्यावर पडल्यागत झालं. पण आता सवय झाली. मुंगी चालली तरी ऐकू येतंय. तवा भैरी-बिरी म्हणायचं न्हाय.

हे तुलाच सांगतो. वर्षाराणी मल्लेशला म्हणत हुती, "आत्यांना आता घरात बसवू या, गिऱ्हाईक एक नाव सांगतं आणि त्या दुसरंच घालतात." सदाशिवच्या तांब्यावर मी सदानंद घातलं म्हणं. सून वाईट न्हाय, पण पाटावरनं मला उठवलं तर मी दिवसभर करू काय? भिताडाशी बोलू? मरेन पण पाट सोडणार न्हाय.

मास्तर आठवतात का? तुला म्हणालं हुतं, "'मी आलो' नव्हे, मुली. 'मी आले' म्हण." तू म्हणालीस, "मी काय चहात टाकायचं हाय व्हय, आले म्हणायला?" पट्टी तुला बसली आणि हसलो म्हणून मला बी. काल एकटीच हसत हुतो, तर नातवंडं बघाय लागली.

दाजींना सांग, तपकीर सोडा. मी सांगितलं म्हणून सांग.

शांतव्वा

•

राधानगरी
१६ नोव्हेंबर १९९७

शांते,

काय बाई तू! डेअरीत फोन बसला. आकाराम तिथं सेक्रेटरी, म्हणून पहिला फोन तुला लावला. डेअरीत दूध घालायला आलेली समदी माणसं भवतीनं उभी. मी रडकुंडीला येऊन सांगतोय, म्हस व्याली आणि रेडा झाला, आता वरीसभर काय करू? आणि तिकडनं तू ओरडतीस, "बरं झालं बाई, लई बरं झालं!" समदी डेअरी हसली. मला बी हसू आलं. मस्करी करायला तुझ्यासारखी तूच.

आता पत्राची कटकट नको. माझ्या डोळ्यात मोती पिकलाय, अक्षर ओळीवर ऱ्हाईना. मनात आलं की फोन करीन.

मालक म्हणत्यात, शांतव्वाला सांग, मी तपकीर सोडली. खोटं हाय. डबी कोनाड्यातनं धोतराच्या सोग्यात आली, एवढंच.

धोंडी

•

कोल्हापूर
७ डिसेंबर १९९७

धोंडे,

मस्करीच ती. रेडा झाला म्हणून रडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं?

फोन कर की. पण पत्र बी टाक. फोन ठेवला की बोलणं संपतं. पत्र मी चारदा वाचतो. हिथं समदी माझ्याशी एकेक शब्दच बोलत्यात. जेवा. उठा. गोळी घ्या. तुझ्या पत्रात पोटभर शिव्या तरी असत्यात.

डोळ्याचं करून घे. मोठ्या अक्षरात लिही, दोन ओळी लिही, पण लिही.

शांतव्वा

•

राधानगरी
२८ ऑगस्ट १९९८

शांतव्वास,

फोनवर तू जे बोललीस ते समद्या डेअरीनं ऐकलं. रेड्याच्या टायमाला मी हसलो. आता हसायला तोंड ऱ्हायलं न्हाय. हितनं पुढं तुझं पत्र नको आणि फोन नको.

धोंडुबाई

•

कोल्हापूर
१० सप्टेंबर १९९८

धोंडे,

मी काय बोललो? मल्लेशला इचारलं. तो म्हणतो, मी गिऱ्हाइकात हुतो, तूच बोललीस, मला काय म्हाईत. फोनमध्ये त्या दिवशी लई खरखर हुती. त्यात काय वेडंवाकडं गेलं असंल तर शिव्या घाल, पण कागदावर घाल.

दाजींना इचार. ते सांगतील, शांतव्वा तशी न्हाय. त्यांची तपकीर सुटली का? नसंल तर डबी तूच लपव.

उत्तर धाड.

शांतव्वा

•

कोल्हापूर
४ जून १९९९

धोंडे,

मागं लिवलं हुतं का न्हाय, ध्यानात न्हाय. तुझं पत्र आलं आणि मी कुठं ठेवलं असं बी झालं असंल. पाटावरनं उठवलं मला. एका लग्नाच्या भांड्यावर चुकलं म्हणं. आता माडीवर बसतो. खालनं टकटक यायची ती बी येत न्हाय. यंत्रावर नावं घालत्यात आता, असं मल्लेशनं लिहून दाखवलं.

दाजी कसं हायत?

शांतव्वा

•

कोल्हापूर
१४ जुलै २००२

ती. धोंडूमावशींना वर्षाराणीचा साष्टांग नमस्कार.

आपली कधी भेट नाही. मी शांतव्वांची सून. पत्ता आत्यांच्या जुन्या पत्रांवरून घेतला.

आत्या गेली दोन वर्षं जवळजवळ बोलतच नाहीत. आधी आम्हाला वाटलं, हट्ट आहे. मग वाटलं, म्हातारपण. दुकानात त्यांनी एका नवरीच्या पूर्ण संचावर, ताटापासून चमच्यापर्यंत, "धोंडी" असं नाव घातलं होतं. नवरीचं नाव सौंदर्या. वरात दारात आणि आम्ही भांडी बदलतोय. तेव्हा आम्ही त्यांना पाटावरून उठवलं. रागच आला होता. धोंडी कोण, हे विचारायचं सुचलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता? गाव कोणतं?" आत्यांनी प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं, "बरं झालं." त्यांनी विसरण्याचा आजार लिहून दिला, पण आधी कान तपासून या असंही सांगितलं. कानाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेच प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढं ठेवले. मावशी, त्यांनी वार सांगितला. गाव सांगितलं. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यातला एक मात्र सांगता आला नाही.

बाई म्हणाल्या, आजार नाही असं नाही, थोडा आहेच. पण कानावर काही पडत नाही, म्हणून माणूस गप्प होतं, गप्प माणसाशी कुणी बोलत नाही, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की मेंदूही बसून जातो. किती आजारानं गेलं आणि किती आमच्या गप्प बसण्यानं, हे आता वेगळं काढता येणार नाही म्हणाल्या. यंत्र तेव्हाच रोज लावलं असतं, तर कदाचित इतकं लवकर झालं नसतं. "कदाचित" हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या.

ते जुनं यंत्र मला छिन्न्यांच्या डब्यात सापडलं. आतला सेल फुटून हिरवा झालाय. दोन-चार दिवसांच्या पुढं ते लावलेलंच नसावं. आता कानामागं बसणारं नवीन घेतलंय. पण नुसतं यंत्र पुरत नाही, आवडीच्या माणसानं समोर बसून बोललं पाहिजे म्हणतात. आमच्याशी त्या बोलत नाहीत. पोस्टमन गल्लीत आला, की उठून खिडकीशी जातात.

तुमचं काय भांडण झालं मला ठाऊक नाही. पण एक सांगते. फोनवर त्यांना कधीच काही ऐकू येत नव्हतं. कुणाचाही फोन असो, समोरचा बोलायचा थांबला असं वाटलं की त्या "बरं झालं, लई बरं झालं" म्हणून मोकळ्या व्हायच्या. आम्ही हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

जमलं तर दोन ओळी लिहा.

वर्षाराणी

•

राधानगरी
२२ जुलै २००२

वर्षाराणीस,

तुझं पत्र वाचलं. उठून म्हशीला पाणी दाखवलं. मग परत वाचलं. डोळ्याचं आपरीशन झालंय, तवा चुकून वाचलं असं म्हणायला बी जागा न्हाय.

तू मोकळेपणानं लिवलंस, मी बी लिहितो. त्या सालच्या श्रावणात आमचं मालक गेलं. बांधावर बसलं हुतं, तिथंच मान टाकली. आमच्याकडं कुणी गेलं की कार्ड टाकत्यात आणि कार्डाचा एक कोपरा फाडत्यात. कोपरा फाटका दिसला की वाचायच्या आधी माणूस खाली बसतं. आकारामानं समद्या पावण्यांना तशी कार्डं टाकली. ज्यांच्या तोंडाकडं मी सणाला बी बघत न्हाय, त्यांना बी गेली. शांताचं मीच काढून ठेवलं. म्हटलं, तिला कार्ड नको, तिला मी माझ्या तोंडानं सांगणार.

रक्षा सावडली त्याच दिवशी मी डेअरीत गेलो. बाईमाणसानं त्या दिवसांत उंबरा ओलांडू नये. मी ओलांडला. लोक कुजबुजलं, कुजबुजू दे. फोन तुझ्या नवऱ्यानं उचलला. मी म्हटलं, तुझ्याशी काम न्हाय, आईला दे. आणि सांगितलं तिला. "शांते, मालक गेलं गं. मी एकटी पडलो." एवढंच सांगितलं. पुढं बोलवंना म्हणून थांबलो.

ती म्हणाली, "बरं झालं बाई, लई बरं झालं."

फोन दांडगा मोठ्यानं ऐकू यायचा. दूध घालायला आलेल्या समद्या माणसांनी ऐकलं. कुणी हसलं न्हाय. त्यापरीस हसलं असतं तर बरं.

त्यावर तिचं पत्र आलं, दाजींची तपकीर सुटली का म्हणून. मला वाटलं, मेलेल्या माणसाची चेष्टा करती. दुसरं आलं, दाजी कसं हायत. ते मी चुलीत घातलं. लिहिणारीला म्हाईतच न्हाय, हे माझ्या टाळक्यात एकदा बी आलं न्हाय. कळशीला "बरी हाय" म्हणाली तवा माझ्याच पोरानं सांगितलं हुतं. मीच लिवलं हुतं डॉक्टरला दाखव. ती म्हणाली मुंगी ऐकू येती, आणि मी मुंगीवर भरोसा ठेवला.

तिचं कान गेलतं, डोळं शाबूत हुतं. कागदावर ती भैरी नव्हती. माझ्यासंगं तर ती कधीच भैरी नव्हती. आणि मीच कागद बंद केला. एक आण्याचं शाणपण न्हाय आणि तोंड मात्र ताशासारखं.

तुला रागवायचं न्हाय असं ठरवून बसलो हुतो, पण रागावतो. तुम्ही हसलात, मी रुसलो, तुझ्या नवऱ्यानं गिऱ्हाईक बघितलं. तिच्या फुडं तोंड करून, सावकाश, कुणीच बोललं न्हाय. आता बोला. पाठीमागनं हाक मारायची न्हाय. ओरडायचं न्हाय, ओरडलं की तोंड वाकडं हुतंय आणि ओठ कळत न्हाईत. यंत्र काढून ठेवलं की परत लावायचं. तिनं शिवी दिली तर समज, बरी हाय.

आणि तिला छिन्नी दे. गिऱ्हाइकाच्या भांड्यावर नको, घरच्या परातीवर दे. धोंडी घालंल न्हाय तर आणि काय घालंल. घालू दे.

ह्याच टपालानं तिला एक कार्ड टाकलंय. मधी वाचू नको. तिच्या हातात दे.

धोंडुबाई

•

राधानगरी
२२ जुलै २००२

शांते,

कोपरा मीच फाडलाय.

तुझं दाजी गेलं. आज न्हाय, चार वरसं झाली. तुला सांगितलं हुतं, ते तुला ऐकू गेलं न्हाय आणि तुला ऐकू गेलं न्हाय हे मला कळलं न्हाय. तू काय बी वाईट बोलली न्हाईस.

धोंडी

•

कोल्हापूर
११ ऑगस्ट २००२

धोंडे,

कार्ड आलं. कोपरा बघून खालीच बसलो. मग वाचलं.

चार वरसं तू एकटी. मी तपकिरीचं इचारत बसलो. माझी अक्कल गाडवानं खाल्ली. मी फोनवर काय म्हणालो? वर्षा सांगत न्हाय.

कानाला नवीन लावलंय. जुनं मी लावतच नव्हतो. तुला खोटं लिवलं. तू वर्षाला सांगशील, वर्षा पाटावरनं उठवंल, असं वाटलं. पाट गेला तो गेलाच.

आता ऐकू येतं. खिडकीत ते बारकं येतं, चिवचिव करतं. आवाज लगेच वळखला. नाव आठवंना. वर्षाला इचारलं, ती म्हणाली चिमणी. चिमणी, धोंडे. चिमणी मला इचारावी लागली.

तू ये. न्हाय तर लिही. माझ्या हातात किती दिस हायत ते...

शांतव्वा

•

कोल्हापूर
२३ मार्च २००३

धोंडे,

लई दिवसांत तुझं पत्र न्हाय. रागावलीस का?

काल कुणीतरी बाई आलती. लुगड्याला म्हशीचा वास. चांगली बोलत हुती. आल्याचं काय तरी सांगून लई हसवलं.

आमच्याकडं एक फाटक्या कोपऱ्याचं कार्ड हाय. कुणाचं गेलं?

दाजी कसं हायत?

शांतव्वा

(मावशी, ही बाई म्हणजे तुम्हीच. दिवाळीत येऊन गेलात ते त्या काल म्हणतात. ते कार्ड उशाखाली ठेवतात. रोज सकाळी काढून वाचतात आणि रोज नव्यानं समजल्यासारखं रडतात. दुपारी विसरतात. कार्ड काढून घेऊ का? मला ठरवता येत नाही. तुमचं माणूस होतं, तुम्हीच सांगा. – वर्षाराणी)

•

राधानगरी
३० मार्च २००३

शांते,

पहिल्यांदा हे कार्ड हातात धर आणि चाचपून बघ. चारी कोपरं शाबूत हायत का? मग ते दुसरं वर्षाकडं दे. ती चुलीत घालंल. ते टपालात फाटलं, कुणाचं न्हाय.

रागावलो न्हाय. रागवायचं हुतं तेवढं रागावून झालं, आणि लई महागात पडलं. आता दर आठवड्याला कार्ड येईल. तू जुनं म्हणून वाच न्हाय तर नवीन म्हणून वाच.

दाजी बरं हायत. तपकीर सुटली एकदाची. बांधावर बसत्यात.

म्हस व्याली. ह्या खेपेला रेडी झालीया, कपाळावर पांढरा ठिपका. वर्षा तुझ्या फुडं बसून हे वाचंल, तवा कानाचं लावून बस आणि तिच्या तोंडाकडं बघ.

बरं झालं म्हण, शांते. म्हण की.

धोंडी